पान काळं कुणी केलं?

ग्लासात एक काळं पडलेलं पान तरंगतंय, एवढंच त्या फोटोत आम्हाला दिसलं. त्या एका पानापायी अकरा वर्षं एका जागी उभं राहून काम केलेल्या बाईचं काउंटर काढून घेतलं गेलं आणि तिच्या हातात फरशी पुसायचा दांडा दिला गेला. तिला कुणी एक प्रश्न विचारला नाही. मीही नाही. माझ्या अंगाचा तिळपापड का झालाय ते कळायला हवं, तर आधी ती बाई कोण हे सांगायला हवं.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. उन्हाळ्यात ती रोज सकाळी दोन तास पोहायला जाते आणि मी तलावाच्या कडेला पत्र्याच्या सावलीत बसून तिचं डोकं पाण्याच्या वर आहे ना, ते बघत राहते. इतर आया फोनवर बोलतात, डुलक्या काढतात. मला ते जमत नाही. समोरच, कपडे बदलायच्या खोल्या आणि पंपाची खोली यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, खाण्यापिण्याचं काउंटर आहे. तिथे ज्या असायच्या त्यांना सगळी मुलं हिरवी मावशी म्हणतात. अ‍ॅप्रन हिरवा, बोटांची टोकं हिरवी, आणि काउंटरवर तीन-चार काचेच्या ग्लासांत, फुलदाणीत फुलं ठेवावीत तशा, हिरव्यागार डहाळ्या.

त्या बेझिलच्या. म्हणजे आपला सब्जाच. त्याचं बी पाण्यात फुगतं हे आपल्याला ठाऊक असतं, पानाकडे मात्र आपण ढुंकून बघत नाही. मावशींचं सगळं काउंटर त्या पानावर चालायचं. लिंबाच्या सरबतात पान, कलिंगडाच्या फोडींवर पान, उकडलेल्या मक्याच्या दाण्यांत लोणी-लिंबाबरोबर पान, भाजलेल्या पावावर टोमॅटोची चकती आणि तिच्यावर पान. साखरेचा पाक करायच्या, तो खाली उतरवून कोमट झाला की त्यात डहाळ्या बुडवून ठेवायच्या आणि तासाभराने काढून टाकायच्या. तो पाक बर्फाच्या पाण्यात घातला की तलावातून निळे ओठ घेऊन आलेली आणि उन्हात लाल झालेली, दोन्ही प्रकारची मुलं शांत व्हायची.

पहिल्या वर्षी माझ्या मुलीचं रोज दुपारी डोकं दुखायचं. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडतंय. पण ती पाण्याला तोंड लावेना. दोन तास पाण्यातच तर असते, आणखी कुठून पाणी प्यायचं, असा तिचा युक्तिवाद. ती पुढे आणि बाटली घेऊन मी मागे. मावशींनी हा तमाशा तीन दिवस पाहिला. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "ताई, ती बाटली जरा खाली ठेवा. पोरगी तुम्हाला नाही घाबरत, बाटलीला घाबरते."

मग त्यांनी मुलीसमोर एक पान धरलं. "हे दोन तळव्यांच्या मध्ये ठेव आणि टाळी वाजव. एकच, पण जोरात."

टाळी वाजली.

"आता हुंग."

मुलीने हुंगलं आणि डोळे मोठे केले.

"झोपलेलं होतं ते. तू उठवलंस. आता ह्या ग्लासात टाक आणि पिऊन टाक, नाहीतर पुन्हा झोपेल."

लिंबू, चिमूटभर मीठ, थोडा पाक, काकडीच्या दोन चकत्या आणि ते पान. ग्लास रिकामा झाला. त्या दिवसापासून डोकेदुखी गेली आणि माझी बाटलीही घरी राहिली. डॉक्टरला मी फी दिली होती, मावशींना साधं थँक्यू म्हणायलाही मला आठवडा लागला.

मावशी मूळच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या. सोळा वर्षं तिथे भाज्या निवडल्या, चिरल्या. तिथला मुख्य आचारी, त्याला सगळे वस्ताद म्हणायचे, महातापट. मावशींनी पहिल्या दिवशी बेझिलवर सुरी चालवली, तर त्याने सुरी हिसकावून घेतली होती. "कडा काळ्या पडतात! हाताने तोड! कोथिंबीर आहे का ती?" त्याच्याकडून मावशी शिकल्या की हे पान हाताने तोडायचं, शिजणाऱ्या पदार्थात अगदी शेवटी टाकायचं, झाडाला फुलाचा तुरा दिसला की लगेच खुडायचा, कारण फुलं आली की पान कडवट होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे पान फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. देठ तिरके कापून ग्लासभर पाण्यात उभं करायचं, सावलीत, उघड्यावर. रोज पाणी बदललं की आठवडाभर टवटवीत राहतं. कधीकधी तिथेच मुळं फुटतात.

झाडं त्यांच्या घरच्या गॅलरीत, रंगाच्या रिकाम्या डब्यांत. त्यांचे यजमान बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. एकदा मावशींचा डबा द्यायला आले तेव्हा मला म्हणाले, "आमच्याकडे झाडांना गॅलरी आहे आणि मला स्टूल. तेही झाडांना ऊन लागलं की आत सरकवावं लागतं. मला नाही हो, स्टूलला." मावशी आतून ओरडल्या, "अठ्ठावीस वर्षं बस चालवलीत, कधी कुणाला जागा दिलीत का? आता द्या!"

ह्या उन्हाळ्यात तलावाला नवे व्यवस्थापक आले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, मनगटावर भल्यामोठ्या तबकडीचं नारिंगी पट्ट्याचं घड्याळ, हातात फाइल. आल्याबरोबर त्यांनी सूचना लावली. सर्व पालेभाज्या व नाशवंत पदार्थ शीतकपाटात चार अंश तापमानात ठेवणे बंधनकारक आहे. मला त्या दिवशी ती सूचना वाचून बरं वाटलं होतं, हे कबूल करते. उघड्यावर ठेवलेल्या पानांची धास्ती मी आतल्या आत घेतच होते. शिवाय आपणही घरी काय करतो? बाजारातून आणलेली प्रत्येक हिरवी गोष्ट पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये कोंबतो आणि दोन दिवसांनी काळी झाली की भाजीवाल्याला नावं ठेवतो.

मावशी त्यांच्याशी बोलायला गेल्या तेव्हा मी काउंटरपाशीच उभी होते.

"साहेब, कोथिंबीर ठेवते, काकडी ठेवते. एवढं पान बाहेर राहू द्या. थंडीला भितं ते. काळं पडतं."

"मावशी, थंडीत वस्तू टिकते. हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे."

"सगळ्या वस्तू नाही टिकत, साहेब. केळं ठेवून बघा."

"केळ्याचा विषय नाही. उद्या तपासणी आली तर उत्तर मी द्यायचं. तुम्ही देणार का?"

"देईन की."

साहेब हसले. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता.

मावशींनी पानं फ्रिजमध्ये ठेवली. नोकरी आहे, ठेवावीच लागली. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर निम्मी पानं जळलेल्या कागदासारखी. त्यांनी तो डबा साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. साहेब फोनवर बोलत होते, त्यांनी हातानेच सांगितलं, परत ठेवा. मावशींनी परत ठेवला. पण त्यातलं एक पानही कुणाच्या ग्लासात टाकलं नाही. मुलं विचारायची, मावशी पान कुठेय? त्या सांगायच्या, "सुट्टीवर गेलंय. अर्ज दिलाय साहेबांकडे." आम्ही हसायचो.

आणि मग तो गुरुवार. त्या दिवशी माझ्या मुलीचा तलाव नव्हता, दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. दुपारी पालकांच्या ग्रुपवर फोटो आला. जुळ्यांच्या आईने टाकला होता. ग्लास, सरबत, त्यात तरंगणारं काळं पान आणि खाली, 'आपल्या मुलांना कुजका पाला पाजतात. हिरवी मावशी झिंदाबाद.' दहा मिनिटांत बेचाळीस मेसेज. कुणी लिहिलं, मला आधीच संशय होता. कुणी लिहिलं, अशा बायकांना स्वच्छता म्हणजे काय ते कळत नाही. एका वडिलांनी पोटाच्या विकारांवरचा लांबलचक मजकूर पाठवला. आणि मी? मी लिहिलं, 'माझी मुलगी तर रोज तेच पिते. आता कुठली तपासणी करून घेऊ?' माझ्या त्या एका ओळीनंतर आणखी पंधरा जणींना आपापल्या मुलांची पोटं आठवली.

संध्याकाळी साहेबांचा मेसेज आला. संबंधित कर्मचाऱ्यास काउंटरवरून हटवण्यात आले आहे, चौकशी होईपर्यंत साफसफाई विभागात काम देण्यात आले आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार.

शुक्रवारी मी कपडे बदलायच्या खोलीत मुलीची टोपी शोधायला गेले. मावशी ओल्या फरशीवर दांडा फिरवत होत्या. अ‍ॅप्रन निळा होता. त्यांचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं, उभं राहणं चालतं पण वाकणं चालत नाही. मला बघून त्या थांबल्या. मी म्हणाले, आणि ते शब्द मला आता खाऊन टाकतात, "मावशी, तुम्ही असं कसं केलंत?"

त्या रागावल्या नाहीत. दांडा भिंतीला टेकवला. "ताई, गुरुवारी मी इथे होते का?"

"म्हणजे?"

"साहेबांनी मला बुधवारीच सांगितलं, उद्या दिवसभर मोठ्या ऑफिसात स्वच्छतेचं प्रशिक्षण आहे, जाऊन या. गेले. तिथे त्यांनी हात कसे धुवायचे ते शिकवलं. मला, सत्तावीस वर्षांनंतर! मी धुतले पण. काउंटर बंद ठेवू नका म्हणून वरून सांगितलेलं, मग साहेब स्वतः उभे राहिले. आल्यावर बघते तर माझा अ‍ॅप्रन गेलेला."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"कुणाला? कोण आलं विचारायला? तुम्ही पहिल्या आलात, आणि तुम्हीसुद्धा विचारलं नाहीत ताई, तुम्ही सांगितलंत."

मी तिथेच ओल्या बाकावर बसले आणि फोन काढून तो फोटो उघडला. आधी मी तो निदान वीस वेळा पाहिला होता, दरवेळी बोटांनी मोठा करून, दरवेळी पानच. ह्या वेळी कड बघितली. ग्लास पुढे करणारा हात फोटोत मनगटापर्यंत स्पष्ट होता. नारिंगी पट्टा. भलीमोठी तबकडी.

बेचाळीस मेसेज लिहिणाऱ्यांपैकी एकालाही तो हात दिसला नाही. आणि जिने समोर उभं राहून तो फोटो काढला, तिला तर आख्खा माणूस दिसत होता! मी तिला फोन केला. ती म्हणाली, "अगं हो, दिले त्यांनीच. पण पानं तर हिरव्या मावशीचीच ना?" मी विचारलं, मग नाव का घातलंस तिचं? तर म्हणे, "मी कुठे काय म्हटलं? झिंदाबाद तर म्हटलं." मी फोन ठेवून दिला, नाहीतर माझ्या तोंडून जे निघालं असतं ते मुलीसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

शनिवारी आम्ही अकरा पालक साहेबांच्या ऑफिसात गेलो. बाकीच्यांना कामं होती. मी फोटो साहेबांपुढे ठेवला. त्यांनी पाहिला आणि डावा हात टेबलाखाली घेतला. माझ्यानंतर आणखी दोघांनी फोटो पाहिला आणि मग टेबलाकडे.

"गर्दी होती," साहेब म्हणाले. "डब्यात होतं ते मी दिलं. मला काय माहीत ते वापरायचं नसतं? तिने डब्यावर तसं लिहून ठेवायला हवं होतं."

"तिने डबा तुमच्या टेबलावर आणून ठेवला होता," मी म्हणाले.

"हे बघा, झालं ते झालं. मला कुणाचं नुकसान करायचं नाही. मावशींना काउंटर परत देतो. आज, आत्ता." त्यांनी फाइलमधून छापील कागद काढला. "फक्त ह्यावर सही. वरती एक कागद तर पाठवावाच लागेल."

मावशींना बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या, पाय ओले होते म्हणून. कागदावर लिहिलं होतं की, खराब पाला वापरल्याबद्दल मला समज देण्यात आली असून यापुढे माझ्याकडून अशी चूक होणार नाही.

"मी नव्हते तिथे, साहेब."

"ते सगळ्यांना कळलं आता. ही नुसती औपचारिकता आहे."

"मग तुम्हीच करा की सही."

कुणीतरी हसलं. साहेब नाही.

आणि इथे माझं डोकं खरं फिरलं, कारण आता आमच्यातलेच लोक मध्ये पडले. एक वडील, बँकेत असतात, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "मावशी, करून टाका ना. काय जातंय? काउंटर मिळतंय." दुसरी म्हणाली, "मुलांचे हाल होताहेत हो, त्या बाटलीतल्या रंगीत पाण्यावर." म्हणजे दोन दिवसांपूर्वी ज्यांची पोटं बिघडत होती, त्यांना आता सरबत हवं होतं, आणि ते लवकर मिळावं म्हणून एका बाईने न केलेला गुन्हा कबूल करावा, एवढीच काय ती अपेक्षा!

मावशींनी त्या वडिलांकडे पाहिलं. "दादा, तुम्ही रजेवर असताना बँकेच्या पेटीत नोटा कमी भरल्या, तर तुम्ही सही कराल?"

ते एक पाऊल मागे सरकले.

"सही नसेल तर काउंटरचं मला काही करता येणार नाही," साहेब म्हणाले.

"सही करते ना," मावशी म्हणाल्या. "पेन द्या."

आम्हाला वाटलं, संपलं. मला तर रडू यायचं राहिलं होतं. त्या आत आल्या, फरशीवर ओली पावलं उमटवत, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर उभ्याउभ्या लिहायला लागल्या. सावकाश, एकेक अक्षर गिरवत. लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. "गुरुवारी मी प्रशिक्षणाला गेले होते. मला साहेबांनी पाठवले होते. पाने फ्रिजमध्ये ठेवू नयेत हे मी आधी तोंडी सांगितले होते. काळी झाल्यावर डबा दाखवला होता. त्या दिवशी सरबत कोणी दिले ते फोटोत आहे. मी अकरा वर्षांत खराब पान कोणाला दिलेले नाही." खाली सही, तारीख. मग म्हणाल्या, "वरती एक कागद पाठवायचा होता ना? हा पाठवा."

साहेबांनी कागद हातात घेतला. अकरा माणसांसमोर फाडता येईना, घडी करता येईना. मी म्हणाले, साक्षीदार म्हणून मी सही करते. माझ्यामागून सहा जणांनी केली. बँकेतल्या वडिलांनी आपल्याला उशीर होतोय असं सांगितलं.

तो शनिवार धरून आणखी पाच दिवस मावशी फरशा पुसत राहिल्या. पाच दिवस काउंटरवर रंगीत पाण्याच्या बाटल्या होत्या. मग वरून उत्तर आलं आणि मावशींना काउंटर परत मिळालं. डहाळ्या बाहेर ठेवायला परवानगी मिळाली, वर जाळीचं झाकण घालायच्या अटीवर. ती अट मावशींना मान्य झाली, माश्या बसत नाहीत, चांगलीच आहे म्हणाल्या. साहेब आहेत तिथेच आहेत. सूचनाही आहे तिथेच आहे, तिच्या खाली 'बेझिल वगळून' अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे. माफी कुणी मागितली नाही. मावशींच्या नोंदवहीत ते सहा दिवस साफसफाई विभाग असेच लिहिलेले आहेत.

मी ग्रुपवर सगळं सविस्तर लिहिलं. हात कुणाचा होता, मावशी कुठे होत्या, फ्रिजमध्ये काय झालं आणि मी स्वतः काय मूर्खपणाची ओळ लिहिली होती ते. त्यावर तीन अंगठे आले. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा. पाठोपाठ कुणीतरी पोहण्याच्या चष्म्यांची सवलत कुठे आहे ते विचारलं आणि त्यावर एकवीस उत्तरं आली.

काल जुळ्यांची आई काउंटरवर आली. दोन कलिंगडाची सरबतं मागितली. मावशींनी जाळी उचलली, पानं घेतली, टाळी वाजवली, ग्लास पुढे केले. ती गेल्यावर मी विचारलं, "मावशी, तुम्हाला काहीच म्हणावंसं वाटलं नाही?"

"पोरांना तहान लागली होती तिच्या," त्या म्हणाल्या. "आणि माझं जे म्हणणं होतं, ते मी लिहून दिलंय. आता तुमचं तुम्ही बघा, ताई. ग्रुप तुमचा आहे."

बरोबरच आहे. ग्रुप आमचा आहे. रविवारी पालकांची सभा आहे. ज्या ठिकाणी तो फोटो टाकला गेला त्याच ठिकाणी, ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांनी मावशींची नावानिशी माफी मागावी, असा विषय मी लेखी दिला आहे. पहिलं नाव माझं घातलं आहे. सभा भरवणाऱ्यांनी तो विषयांच्या यादीत सगळ्यात शेवटी, 'वेळ उरल्यास' असं कंसात लिहून ठेवलाय. मी मुलीला शेजारी सोडणार आहे, डबा बरोबर घेणार आहे आणि वेळ उरेपर्यंत तिथून उठणार नाही.